शिव-विष्णूंची ‘मंदिरे’ आणि ॲरिझोनाची दरी

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये ‘शिवा टेंपल’ आणि ‘विष्णू टेंपल’ नावाची शिखरे आहेत, सबब तेथे प्राचीन काळी हिंदू नांदत होते, हा दावा सतत फिरत असतो. नावे खरी आहेत. निष्कर्ष निराधार आहे.

ही नावे क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञाने दिली. त्याचा या प्रदेशावरील ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. थरावर थर रचलेली ती शिखरे पाहून त्याला पौर्वात्य देवालये आठवली, एवढेच. हीच प्रथा पुढे चालू राहिली आणि झरतुष्ट्र, ओसायरिस व जर्मन देव वोटान यांचीही नावे तेथील शिखरांना मिळाली. मग इराणी, इजिप्शियन आणि जर्मन वसाहतीही मान्य करावयाच्या काय?

या ‘मंदिरां’चे स्थपती म्हणजे समुद्र, वारा आणि पाणी. दरीच्या काठावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. तळाशी उघडा पडलेला ‘विष्णू शिस्ट’ सुमारे १७० कोटी वर्षांचा. (हे नावही त्याच प्रथेतले.) कोलोरॅडो नदीने हे पठार मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत चिरले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कठीण थर कड्यांसारखे उभे राहिले, मऊ थर झिजून उतरते झाले. शिखरांना पायऱ्या दिसतात त्या यामुळे.

१९३७ साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाची मोहीम शिवा टेंपलच्या माथ्यावर गेली. युगानुयुगे अलग पडलेले प्राणी तेथे सापडतील, अशी आशा होती. तसे आगळे प्राणी मिळाले नाहीत. मिळाली ती दगडी हत्यारे, मूळ अमेरिकी रहिवाशांची!

खरा आक्षेप येथेच आहे. दरीतील गुहांत सापडलेल्या, डहाळ्या वाकवून केलेल्या प्राणिमूर्ती सुमारे चार हजार वर्षांपर्यंत जुन्या आहेत. १५४० मध्ये कार्देनासच्या स्पॅनिश तुकडीला या दरीच्या काठापर्यंत होपी वाटाड्यांनीच नेले; पुस्तकांत मात्र ‘शोध’ कार्देनासचा. आता आपणही आपल्या देवांची नावे पुढे करून त्याच लोकांना दुसऱ्यांदा पुसून टाकणार का?

डटनचा ग्रंथ आला त्याच १८८२ साली हवासुपाई जमातीची राखीव भूमी अवघ्या ५१८ एकरांवर आणली गेली. त्यांच्या मूळ भूमीपैकी सुमारे १,८५,००० एकर १९७५ मध्ये कायद्याने परत मिळाले. दरीतल्या एका जुन्या वस्तीस्थानाला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळाले ते २०२२ मध्ये.