फावल्या वेळाचा हक्क

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने अभ्यास, घर आणि छंद यांचा मेळ कसा घालावा, याविषयी उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पहाटे उठावे, वेळापत्रक आखावे, मनाला शिस्त लावावी, असा हा उपदेश असतो. शिस्तीचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याच्या हाती वेळच उरत नाही त्याने नियोजन करावयाचे ते कशाचे, हा प्रश्न उपदेशकांना पडत नाही.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका शैक्षणिक वर्षासाठी १२०० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे. घरून दरमहा पैसे येणाऱ्या विद्यार्थ्यास हे तास सापडतात. खेड्यातून पुण्यास आलेल्या शेतमजुराच्या मुलाची सकाळ तासिकांत जाते, दुपार दुकानाच्या हिशेबात, संध्याकाळ शिकवण्यांत. रात्री खानावळीत जेवून तो कॉट बेसिसवरच्या खोलीत परततो तेव्हा पुस्तक उघडण्याइतके त्राण त्याच्यात उरत नाही. शिवाय गावाकडचा आजार, कर्ज आणि बहिणीचे लग्न यांची चिंता त्याची पाठ सोडत नाही.

विद्यार्थिनीची स्थिती याहून बिकट. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, तर ते करणाऱ्या पुरुषांची केवळ ८८. घरी राहून एम. ए. करणाऱ्या मुलीचा अभ्यास स्वयंपाक आटोपल्यावरच सुरू होतो. भावाला मात्र 'त्याचा अभ्यास आहे' म्हणून पाण्याचा तांब्याही हातात मिळतो.

या ओढाताणीत पहिला बळी जातो तो छंदाचा. तबला, नाटक, कबड्डी, अवांतर वाचन हे सारे 'चैन' ठरते. वास्तविक फुरसत ही चैन नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली. श्रमिकाचा फावला वेळ मालकाच्या दयेने नव्हे, लढ्याने मिळतो, हा तो धडा होता. तो विद्यार्थ्यासही लागू आहे.

शासन काही करीत नाही असे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. तीत मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. पैकी निवासासाठी २०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७. एवढ्या पैशात पुण्यात खोली मिळत नाही, हे ठरविणाऱ्यांना ठाऊक नसेल काय? तूट भरून निघते ती विद्यार्थ्याच्या झोपेतून आणि छंदातून.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यास महाविद्यालय काढले तेव्हा कष्टाची जागा संस्थेच्या आतच ठेवली. म्हणून कमाई शिक्षणाच्या आड आली नाही. आज गरज आहे ती पुरेशा वसतिगृहांची, वेळेवर हाती पडणाऱ्या शिष्यवृत्तीची, रात्री उशिरापर्यंत उघड्या ग्रंथालयांची आणि विद्यापीठाच्या आवारातच सन्मानाने मिळणाऱ्या कामाची.

कार्यकर्त्यांनी या मागण्या लावून धराव्यात. वस्तीत एक अभ्यासिका चालविणे आणि आपल्या घरातील मुलीच्या हातचा झाडू मुलाच्या हाती देणे, या दोन गोष्टींसाठी मात्र शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.