25 डिसेंबर, एकच वस्ती आणि येऊ घातलेला कायदा

25 डिसेंबरला नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर) चर्चमध्ये नाताळची उपासना असते आणि विहारात मनुस्मृती दहन दिनाचे अभिवादन. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव या पट्ट्यात ही माणसे पुष्कळदा एकाच वस्तीतली, एकाच आडनावाची असतात. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आले आणि पुढे गावोगावच्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून माणसे ख्रिस्ती झाली. 1956 नंतर त्याच वाड्यांतले बाकीचे बौद्ध झाले. दोघांनाही बाहेर काढणारी गोष्ट एकच होती.

2025 सरताना त्या वर्षाचा हिशेब आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जोरात चालू होता. फेब्रुवारीत बोधगयेत 1949 चा मंदिर कायदा रद्द करण्यासाठी भिक्खूंचे उपोषण सुरू झाले. मे महिन्यात भूषण गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच न्यायालयात त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न झाला. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. हे सगळे आपल्याला पाठ आहे. मात्र एका गोष्टीकडे आपण "तो ख्रिश्चनांचा प्रश्न आहे" म्हणून पाहत राहिलो.

14 फेब्रुवारी 2025 ला राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विषय "लव्ह जिहाद" आणि सक्तीचे धर्मांतर. जूनमध्ये सांगलीत सत्ताधारी पक्षाच्या एका आमदाराने धर्मप्रचारकांना मारहाण करणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. जुलैत गृहराज्यमंत्री पंकज भोयर यांनी हिवाळी अधिवेशनात कायदा आणू असे सांगितले. नागपूरचे अधिवेशन त्याविनाच उरकले, पण विषय काही संपलेला नाही.

हा कायदा आपल्याला लागणार नाही, असे समजणाऱ्यांनी गुजरातकडे पाहावे. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढले: बौद्ध धर्म हा वेगळा धर्म मानला जाईल आणि हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. एरवी "बौद्ध म्हणजे हिंदूच" सांगणारे आपले वेगळेपण मान्य करतात ते नेमके इथे! उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात 60 दिवस आधी लेखी कळवावे लागते, मग पोलीस चौकशी. आधीच्या धर्मात परतणाऱ्याला मात्र ही अट नाही. बाबासाहेबांनी दीक्षेची तारीख 23 सप्टेंबर 1956 ला पत्रकाद्वारे जाहीर केली, सोहळा झाला 14 ऑक्टोबरला. मधे अवघे 21 दिवस, आणि दीक्षा घेणारे लाखो. आजच्या लखनौच्या नियमाने तो सोहळाच बेकायदा ठरला असता. धर्म स्वेच्छेने बदलला, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही धर्मांतर घडवणाऱ्यावरच आहे. म्हणजे दीक्षा देणारे भन्तेजी आरोपीच्या पिंजऱ्यात.

दुसरी बाजू अॅट्रॉसिटीची. आंध्र उच्च न्यायालयाने 2025 मध्ये निकाल दिला की ख्रिस्ती झालेल्याला अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मिळत नाही. आधार 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. या आदेशाचा चटका आपल्याला नवा नाही. 1956 मध्ये शिखांना त्यात जागा मिळाली, बौद्धांना 1990 पर्यंत थांबावे लागले. केंद्राच्या सवलतींसाठी एक पिढी "कागदावर हिंदू महार" म्हणून जगली, त्याचे दाखले अजून घराघरांत आहेत. ख्रिस्ती दलितांबाबत बालकृष्णन आयोग 2022 मध्ये नेमला, त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली.

ही चर्चा आपल्या जिल्ह्यात कोरडी नाही. हरेगाव मतमाउलीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी-कबुतरांच्या चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. मारणारा कधी विचारतो का, तू विहारात जातोस की चर्चमध्ये? पोलीस ठाण्यात मात्र तोच प्रश्न निर्णायक ठरू शकतो. खर्ड्याच्या नितीन आगे खटल्यात साक्षीदार फुटले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. कायदा हातात असूनही आपली ही गत, तर ज्यांच्या हातात तोही नाही त्यांचे काय?

ख्रिस्ती समाजातील जातिभेदावर बाबासाहेबांनी कठोर लिहिले आहे, ते आपण विसरू नये. चर्चच्या बड्या मंडळींनीही दलित ख्रिस्ती माणसाला पुढे येऊ दिलेले नाही. पण टीका वेगळी आणि शेजाऱ्याच्या दारावर पोलीस आल्यावर गप्प बसणे वेगळे. महाडला 1927 साली मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने मांडला होता. सोबती जन्म पाहून निवडायचे नसतात, हे तिथेच ठरले होते.

विधेयक आले तर चर्चेला किती तास मिळतील सांगता येत नाही. त्याआधी तालुक्यातल्या विहार समित्यांनी स्थानिक चर्चच्या मंडळींसोबत बसावे, समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागावा आणि आपापल्या आमदाराला लेखी विचारावे: दीक्षेसाठी परवानगी लागणार का, हो की नाही? श्रीरामपूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सुरुवात तिथूनच करता येईल.