पद आणि पाठ

धर्मप्रमुख निघून गेल्यावर त्याचा अधिकार कोठे वसतो, हा प्रश्न धर्मेतिहासाइतकाच वाङ्मयेतिहासाचाही आहे. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात तो परस्परांस अपरिचित अशा दोन परंपरांपुढे उभा राहिला, आणि दोहोंनी त्याची उत्तरे भिन्न दिली.

१२६८ मध्ये पोप चौथा क्लेमेंट मरण पावला. व्हितेर्बो येथे जमलेल्या कार्डिनलांना त्याचा उत्तराधिकारी निवडण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. १२७१ मध्ये निवडला गेलेला दहावा ग्रेगरी स्वतः कार्डिनल नव्हता. त्याने १२७३ मध्ये पाच कार्डिनल नेमले. त्यांत तत्त्वज्ञ बोनाव्हेंतुरा होता, आणि पाचांपैकी दोघे १२७६ मध्ये पोप झाले. निवड होईपर्यंत कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा नियम ग्रेगरीने १२७४ च्या ल्याँ धर्मपरिषदेत केला. त्यानेच कार्डिनल केलेल्या एकविसाव्या जॉनने पोप होताच तो रद्द केला. पुढे आठव्या बॉनिफेसने १२९८ मध्ये तो कायदेसंग्रहात समाविष्ट केला. नियम आले आणि गेले. अधिकार मात्र पदातच राहिला.

त्याच दशकात श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेले. नागदेवाचार्यांकडे पंथाचे नेतृत्व आले. परंतु आचार्यांची निवड करणारे मंडळ चक्रधरांनी मागे ठेवले नव्हते. मागे राहिली ती त्यांची वचने आणि ती ऐकणाऱ्यांची स्मृती. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी शिष्यांना गाठून लीळा जमविल्या. केशिराजबासांनी वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. मराठी गद्याचा हा आरंभ वाङ्मयविलासातून झालेला नाही. जे काम रोममध्ये कार्डिनलमंडळ करीत होते, ते येथे ग्रंथाला करावे लागले.

लीळाचरित्राची मूळ प्रत खलजी सैन्याच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभारला गेला, असे परंपरा सांगते. त्यातून पाठ निर्माण झाले आणि ते स्मरणकर्त्यांच्या नावांनी ओळखले गेले. त्यांत परशरामबास व रामेश्वरबास यांच्या बरोबरीने हिराइसेचा पाठ आहे. ग्रेगरीच्या व्यवस्थेत कोणत्याही स्त्रीला अधिकाराचे स्थान नव्हते. येथे मात्र स्त्रीची स्मृती ग्रंथप्रामाण्याचा आधार ठरली. सामान्य स्त्रीपुरुष वंचित होऊ नयेत म्हणून संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरणाऱ्या नागदेवाचार्यांच्या भूमिकेशी हे सुसंगतच आहे.

या व्यवस्थेचे मोलही पंथाला द्यावे लागले. पुढे तेरा आम्नाय झाले. मात्र पदाने चर्चलाही एकसंध ठेवले नाही. १३७८ मध्ये कार्डिनलांनीच दुसरा पोप निवडला आणि ती दुही सुमारे चाळीस वर्षे टिकली. तेव्हा पाठाला दुर्बळ आणि पदाला समर्थ मानण्यास इतिहासाचा आधार नाही.

यावरून संपादकांचे कर्तव्य स्पष्ट होते. वाचकाला एक सलग संहिता हवी असते, हे खरे. परंतु ‘आद्य गद्य’ म्हणून ती सिद्ध करताना पाठभेद लेखकूंचे प्रमाद समजून गाळले, तर अधिकाराच्या वाटपाचा पुरावाच पुसला जातो. हिराइसेचे नाव तळटीपेतूनही नाहीसे झाले, तर मराठी गद्याच्या उभारणीतील स्त्रियांचा वाटा सिद्ध करण्याचे एक बळकट साधन अभ्यासक स्वतःच्या हाताने गमावतील. लीळाचरित्राची प्रत्येक आवृत्ती पाठकर्त्यांच्या नावांसह छापली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.