पाहुण्याचें मत

"दहा वर्षें मी त्या देशांत काढलीं आहेत, मला विचारा!" असें कोणी म्हटलें, म्हणजे ऐकणारा बहुधा गप्प बसतो. त्यानें तो देश पाहिलेला नसतो. मग वाद तरी कशाच्या बळावर घालावा? परंतु दहा वर्षें राहिल्यानें मनुष्याचें मत खरें होतें काय, आणि केवळ परका म्हणून तें खोटें ठरतें काय, ह्या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्याजोग्या आहेत. त्यासाठीं आम्हीं सयाम देश निवडला आहे. कां, तें पुढें दिसेलच.

ह्या देशानें १९३९ सालीं थायलंड हें नांव घेतलें. तेथील लोकवस्ती सुमारें सात कोटि. आणि २०१९ ह्या एका सालांत परदेशांतून तेथें गेलेले प्रवासी जवळजवळ चार कोटि! म्हणजे घरांत माणसें सात, आणि वर्षभरांत उंबरठा ओलांडून गेलेले पाहुणे चार. बहुतेक पाहुणे समुद्रकिनारा व देवळें पाहून परत जातात. पण कांहीं तेथेंच बिऱ्हाड करितात. चिआंग माई, पट्टाया, फुकेत ह्या गांवीं असे पेन्शनर इंग्रज, जर्मन, अमेरिकन, तसेच शिक्षक व व्यापारी पुष्कळ आहेत. पन्नाशी उलटलेल्या परदेशीयास पेन्शनर म्हणून राहावयाचें तर बँकेंत आठ लक्ष बात अथवा ठरलेलें मासिक उत्पन्न दाखवावें लागतें. दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता सरकारांत कळवावा लागतो. आणि जमीन कांहीं त्याच्या नांवें होत नाहीं. वीस वर्षें राहिला तरी तो पाहुणाच. ही गोष्ट त्याच्या मनास लागून राहिली तर त्यांत नवल नाहीं, आणि त्याचें बोलणें ऐकतांना ती विसरूंहि नये.

हीं मंडळी सायंकाळीं एकत्र जमलीं म्हणजे दिवसाच्या बातम्यांवर बोलतात. टॅक्सीवाल्यानें मीटर लावला नाहीं. कचेरींत एका कागदासाठीं तीनदां फेरा पडला. शेजारच्या देवळांतला ध्वनिक्षेपक पहांटेच सुरू होतो. परंतु सर्वांत मोठा राग तिकिटाच्या दोन दरांचा. बँकॉकच्या ईशान्येस खाओ याई नांवाचें विस्तीर्ण राखीव अरण्य आहे. तेथें प्रौढ सयामी मनुष्यास ४० बात आणि परदेशीयास ४०० बात असा दर कित्येक वर्षें होता. त्यांत आणखी मौज अशी कीं, अनेक ठिकाणीं स्वकीयांचा दर थाई अंकांत लिहितात व परक्यांचा इंग्रजी अंकांत. म्हणजे ज्यानें दुखावूं नये त्यास तो वाचतांच येऊं नये! (हे थाई अंक मूळचे हिंदुस्थानांतून गेलेले, त्यांचें शून्य तर अगदीं आपलेंच.) "आम्ही येथें कर भरतों, मग आमच्यावर दसपट कां?" असें हे रहिवासी विचारतात.

प्रश्न रास्त वाटतो खरा. पण सयामास नांवें ठेवण्यापूर्वीं आपण अजिंठ्याच्या दारांत उभें राहून पाहावें. २०१८ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें तेथें हिंदी मनुष्यास ४० रुपये आणि परदेशीयास ६०० रुपये! आपल्यापैकी कितीजणांस ह्यांत अन्याय दिसला? आम्हांसहि हा आंकडा कळेपर्यंत दिसला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. बंगालच्या उपसागराभोंवतालच्या राष्ट्रांचा बिमस्टेक म्हणून जो संघ आहे, त्यांतील म्हणून सयामी प्रवाशास मात्र अजिंठ्यास आपल्याइतकेच ४० रुपये पडतात. उलट आपला मनुष्य खाओ याईस गेला, तर तेथें तो परकाच.

मग पाहुण्याची प्रत्येक तक्रार म्हणजे निव्वळ कुरकुर समजावी काय? मुळींच नाहीं. रस्त्यांविषयीं ते बोलतात तें अक्षरशः खरें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, सयामांत दर लाख वस्तीमागें ३२.७ माणसें रस्त्यावरील अपघातांत मरतात, असा अंदाज दिला होता; जगांतील अति वाईट आंकड्यांपैकी तो एक. मेलेल्यांत बहुतेक मोटारसायकलवाले. डोक्यावर शिरस्त्राण न घालतां दोन मुलांस पुढें-मागें बसवून जाणारा बाप घरच्या माणसांच्या नित्याच्या दृष्टीस पडतो व म्हणूनच दिसेनासा होतो; नव्यानें आलेल्यास तो पहिल्याच दिवशीं दिसतो. हें आम्ही सयामविषयीं लिहीत आहों, हें पालकांनीं शाळा सुटण्याच्या वेळीं आमच्या फाटकाशीं उभें राहून पुन्हां वाचावें.

परंतु मत खरें कीं खोटें एवढ्यावरच हा प्रश्न मिटत नाहीं. तें कोणत्या भाषेंत व कोणासमोर बोललें गेलें, हेंहि पाहिलें पाहिजे. येथें सयामांतील दोन जुन्या रहिवाशांची हकीकत उपयोगी पडते.

पहिले डॉक्टर डॅन बीच ब्रॅडले, अमेरिकन मिशनरी. ते १८३५ सालीं बँकॉकास आले व १८७३ सालीं तेथेंच वारले. देवीची लस तेथें रुजविण्यास त्यांनीं फार खटपट केली. १८३९ सालीं राजानें अफूबंदीचा जाहीरनामा काढला, तो मिशनच्याच छापखान्यांत छापला गेला. आपल्याकडे अमेरिकन मिशननें अहमदनगरास 'ज्ञानोदय' १८४२ सालीं सुरू केला. ब्रॅडले साहेबांनीं १८४४ सालीं 'बँकॉक रेकॉर्डर' हें सयामी भाषेंतील पहिलें वर्तमानपत्र काढलें. तें लवकरच बंद पडलें, पण १८६५ सालीं पुन्हां निघालें. त्यांत ते सयामी चालीरीतींवर व बौद्ध मतावर परखड टीका करीत. मात्र ती सयामींत असे, सयामांतच छापली जाई, आणि राजा मोंगकूट ती वाची. राजा निनांवी उत्तरें त्याच पत्रांत लिहीत असे, असें इतिहासकार सांगतात. ब्रॅडले साहेबांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेले लोक फार थोडे. वादांत राजा हरला असेंहि नाहीं. शेवटीं पत्र बंद पडलें तें राजाच्या रोषानें नव्हे. फ्रेंच वकिलाविषयीं कांहीं मजकूर आला, त्यानें अमेरिकन वकिलातींत अब्रूनुकसानीचा दावा लावला, साहेब हरले, आणि १८६७ सालीं पत्र संपलें. एका पाहुण्यानें दुसऱ्या पाहुण्याचें तोंड बंद केलें!

दुसरी ॲना लिओनोवेन्स. हिचें नांव आमच्या वाचकांनीं चित्रपटांमुळें ऐकलें असेल. पण ती १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जन्मली व तिचें लग्न १८४९ सालीं पुण्यास झालें, हें थोड्यांस ठाऊक असतें. १८६२ पासून १८६७ पर्यंत ती मोंगकूट राजाच्या मुलांची शिक्षिका होती. देश सोडल्यावर तिनें दोन पुस्तकें लिहिलीं. त्यांत राजवाड्यांतील जमिनीखालच्या अंधारकोठड्या आल्या, आणि राजाच्या एका स्त्रीस उघड्यावर जिवंत जाळल्याची कथा आली. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ कीं तेथें तळघर टिकणें कठीण. जाळण्याच्या कथेसहि दुसरा कोणताच पुरावा सांपडत नाहीं. स्वतःविषयीं तिनें सांगितलें कीं आपला जन्म वेल्समधला. नगर तिनें पुसून टाकलें. राणीवशांत परपुरुषास प्रवेश नव्हता, तेथें ती पांच वर्षें वावरली. तिचें सगळेंच खोटें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तिचे वाचक अमेरिकेंत व इंग्लंडांत; त्यांच्यांत उठून "बाई, असें नव्हतें" असें म्हणणारा सयामी मनुष्य कोठून येणार? शंभर वर्षें जगानें मोंगकूट राजास तिच्याच डोळ्यांनीं पाहिलें. त्या कथेवरील १९५६ व १९९९ सालांच्या चित्रपटांस थायलंडांत बंदी झाली. पण बंदीनें कथा खोडून निघत नाहीं.

आजचे रहिवासी ह्या दोघांपैकी कोणाच्या मार्गानें जातात? बहुतेक ॲनाच्या, असें आमचें मत आहे. ते आपसांत बोलतात, इंग्रजींत बोलतात. ज्याच्याविषयीं बोलणें चाललें तो चहा आणून देतो व निघून जातो. सगळा दोष मात्र त्यांचा नाहीं. राजघराण्याच्या अवमानास तेथील फौजदारी कायद्याच्या ११२ व्या कलमान्वयें तीन ते पंधरा वर्षें कैद आहे, आणि परदेशीयास देशाबाहेर घालविणें सरकारास जड नाहीं. ज्या घरांत तोंडावर बोलण्याची सोय नाहीं, तेथें पाठीमागें बोलणें वाढतें. तरीहि शिरस्त्राणाविषयीं, धुराविषयीं, शाळांविषयीं सयामींत बोलण्यास कोणताच कायदा आड येत नाहीं. आड येते ती भाषा. तिच्यांत पांच सूर. एकच अक्षर सूर बदलतांच दुसरा शब्द होतें. तें शिकण्याचा कंटाळा वीस वर्षें टिकतो.

हें आम्ही दुसऱ्यांविषयीं मोठ्या ऐटीनें लिहिलें. पण आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज आखाती देशांत नोकरीस आहेत. सुटीवर आले म्हणजे भेटावयास येतात, खजूर आणतात, आणि तेथील लोक कसे आहेत तें मोठ्या खात्रीनें सांगतात. गेल्या उन्हाळ्यांत दुबईस नऊ वर्षें असलेला एकजण असाच बराच वेळ बोलला. अरबांचा स्वभाव, त्यांचा पैसा, त्यांचीं मुलें, सर्व कांहीं. आम्हीं सहज विचारलें, "बाबा, अरबी कितपत येतें?" तो क्षणभर थांबला, मग हंसून म्हणाला, "गुरुजी, दुकानांत सगळीकडे हिंदी चालतें हो. शिकण्याची वेळच आली नाहीं."