क्रीडापोषणाचे प्रमाणपत्र आणि सिल्वासाचा खेळाडू

सराव, स्पर्धा आणि विश्रांती या तिन्ही अवस्थांत खेळाडूच्या शरीराला कोणते अन्नपाणी किती आणि केव्हा लागते, याचा विचार करणारी पोषणशास्त्राची शाखा म्हणजे क्रीडापोषण होय. या शाखेचे व्यावसायिक प्रमाणपत्र मिळवलेल्या सल्लागाराची सिल्वासासारख्या ठिकाणी खरोखर गरज आहे काय, आणि असेल तर ते प्रमाणपत्र कशा प्रकारचे असावे, हा येथे विचाराचा विषय आहे. दादरा आणि नगर हवेलीचे हे मुख्यालय कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी खानवेल, दुधनी, मांदोनी या बाजूंच्या वारली, कोकणा, धोडिया आणि काथोडी वस्त्यांतील मुलांसाठी शाळा, दवाखाना आणि मैदान यांचे जवळचे मोठे केंद्रही तेच आहे. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशाच्या ३,४३,७०९ लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. प्रमाणपत्राच्या विरोधात जे आक्षेप घेतले जातात ते सारखेच दुबळे नाहीत. त्यांतले काही सहज खोडून काढता येतात, तर काहींत असलेला सत्यांश मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिला पक्ष परंपरेचा आहे. तालमीतल्या पैलवानांनी दूध, तूप, बदाम आणि थंडाईचा खुराक वस्तादाच्या सांगण्यावरून घेतला आणि मैदाने मारली. सिल्वासाच्या पूर्वेच्या सह्याद्रीत, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मग नागलीच्या भाकरीवर जे साधले त्यासाठी पदवीधर सल्लागार कशाला, असे हा पक्ष विचारतो. या युक्तिवादातील दोष असा की, त्यात पोहोचलेल्यांची गणना होते आणि वाटेत गळालेल्यांची होत नाही. एका पाड्यातून एक धावपटू देशाच्या संघापर्यंत जाते, तेव्हा त्याच डोंगरांतल्या किती मुली पिंढरीतले गोळे, पायाच्या हाडांतील सूक्ष्म भेगा किंवा न संपणारा थकवा यांमुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मैदान सोडून गेल्या, हे कोणत्याही निकालपत्रकात लिहिलेले नसते.

तथापि परंपरेच्या पक्षाने ज्या अन्नाचा कैवार घेतला आहे त्या अन्नाबद्दलचे त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते बरोबर असल्याचे अंकांनी सिद्ध करण्याचे सामर्थ्य शास्त्रापाशीच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आणि ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडीच्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने आणि ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तूरडाळ आणि कुळीथ या दोहोंत प्रथिनांचे प्रमाण सुमारे २२ ग्रॅम भरते. ५० किलो वजनाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूला, सध्या सर्वमान्य असलेल्या दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम या प्रमाणाने, दिवसाला ६० ते १०० ग्रॅम प्रथिने लागतात. तिच्या दिवसभराच्या जेवणात पाव किलो नागली, पाव किलो तांदूळ आणि १०० ग्रॅम डाळ किंवा कुळीथ आले, तर किमान मर्यादा गाठली जाते, कर्बोदके साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जातात आणि कॅल्शियमची दैनंदिन गरज जवळजवळ एकट्या नागलीतूनच भागते. सुकट, बोंबील, अंडी किंवा मूठभर शेंगदाणे यांची भर पडली की वरच्या मर्यादेकडेही जाता येते. मात्र ताटात भात आणि भाकरी पोटभर असून डाळीचे केवळ पाणी असेल, तर पोट भरूनही स्नायूंची झीज भरून निघत नाही. हा हिशेब वजन, वय, खेळ आणि सरावाचे तास यांनुसार बदलत जातो, आणि वस्तादाच्या अनुभवाला येथेच मर्यादा पडते. कारण त्याचा खुराक जड अंगाच्या मल्लासाठी घडलेला आहे, तो चिपाड अंगाच्या धावपटूला जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा पक्ष व्यायामशाळेतून येतो. प्रशिक्षक रोज शेकडो शरीरे पाहतो, प्रोटीन पावडरचे डबे त्याच्या ओळखीचे असतात, तेव्हा आहाराचे तोच सांगेल, असे हा पक्ष मानतो. या मताचा प्रतिवाद सौम्य शब्दांत करणे शक्य नाही, कारण त्याची किंमत खेळाडूला मोजावी लागते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात बाजारातील ३६ प्रथिनपूरक उत्पादने तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला सर्वसामान्य भारतीयांना दिला. खेळाडूच्या बाबतीत प्रश्न फसवणुकीपुरता राहत नाही. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने या शतकाच्या आरंभी १३ देशांतून गोळा केलेली ६३४ पूरक उत्पादने तपासली असता ९४ उत्पादनांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली स्टेरॉइडसदृश द्रव्ये सापडली. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत खेळाडूच्या शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. द्रव्य जाणून घेतले की अजाणता, यावर शिक्षेचे प्रमाण कमीजास्त होऊ शकते, परंतु दोष झाला की नाही हे त्यावरून ठरत नाही. २०२३ मध्ये भारतातील ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. या परिस्थितीत अज्ञानापोटी डबा सुचवणारा सल्लागार बहुधा मोकळा राहतो आणि डबा रिकामा करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा स्पर्धेतून बाद होतो. त्यातही सल्ला देणारा आणि डबा विकणारा एकच असेल, तर त्या सल्ल्याला सल्ला म्हणणेच कठीण आहे.

तिसरा आक्षेप या सर्वांत वजनदार आहे, आणि तो प्रमाणपत्रावर विश्वास असणाऱ्यांनीही घ्यावा असा आहे. प्रमाणपत्रे विकत मिळतात, असे तो म्हणतो. काही आठवड्यांच्या दूरस्थ अभ्यासक्रमानंतर, घरबसल्या दिलेल्या बहुपर्यायी परीक्षेच्या जोरावर, 'प्रमाणित क्रीडापोषणतज्ज्ञ' अशी पाटी लावणारे लोक आहेत हे नाकारता येणार नाही. त्यावरून सर्वच प्रमाणपत्रे निरर्थक ठरवणे मात्र तर्काला धरून नाही, कारण प्रमाणपत्र या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात आणि वादातला सारा गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो.

पहिली गोष्ट म्हणजे साक्षरतेचे प्रमाणपत्र. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक किंवा वसतिगृहाचा अधीक्षक यांनी पाणी, क्षार, सरावानंतरचे जेवण आणि निषिद्ध द्रव्ये यांविषयी छोटा अभ्यासक्रम पुरा करणे इष्टच आहे. त्यातून त्यांना व्यक्तिगत आहारयोजना लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही, एवढे स्पष्ट असले म्हणजे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे एका कौशल्याचे प्रमाणपत्र. १९८६ मध्ये स्थापन झालेली 'इसाक' ही शरीरमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था त्वचेखालील चरबीची जाडी कोणत्या बिंदूंवर, कोणत्या चिमटीने आणि किती अचूकतेने मोजावी हे शिकवून पातळीवार प्रमाणपत्रे देते; ही प्रमाणपत्रे चार वर्षांनी संपतात आणि पुन्हा मिळवावी लागतात, आणि त्यांची प्रतिष्ठा या संपण्यातच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे व्यवसाय करण्याचा परवाना, आणि खरा प्रश्न याच गोष्टीचा आहे. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आपल्या अनुसूचीत आहारतज्ज्ञांबरोबर पोषणतज्ज्ञांचा समावेश केला असून क्रीडापोषणतज्ज्ञाचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. त्याच कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेले पदवीशिक्षण ही अट घातली आहे, नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव त्या नोंदवहीतून वगळण्याचीही सोय केली आहे. अमेरिकेत क्रीडाआहाराचे विशेष प्रमाणपत्र २००६ पासून दिले जाते, तेथेही उमेदवार आधी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असावा लागतो आणि खेळाडूंबरोबर हजाराहून अधिक तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे विश्वासार्ह परवान्याचा क्रम असा असतो: आधी पोषणशास्त्राची पदवी, मग देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम, मग खेळाची विशेष परीक्षा आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने फेरतपासणी. शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र या क्रमातल्या कोणत्याही पायरीच्या जागी बसत नाही. आक्षेपकाचा रोष योग्य आहे, परंतु तो ज्या कागदावर आहे तो कागद या व्यवसायाचा परवाना नव्हे. परवान्याचे मोल केवळ धारकाच्या ज्ञानात नसते. चुकल्यास त्याला जाब विचारता येतो आणि त्याचे नाव खोडता येते, या उत्तरदायित्वात ते असते. वस्तादाचे किंवा दुकानदाराचे नाव कोणी कोठून खोडणार?

चौथा पक्ष करुणेच्या भाषेत बोलतो, म्हणून त्याचे खंडन अधिक काळजीने करावे लागते. जेथे साध्या पोषणाचीच ददात आहे तेथे क्रीडापोषण ही चैन आहे, असे तो म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि या केंद्रशासित प्रदेशाची स्थिती देशाच्या सरासरीहूनही वाईट होती. परंतु नेमक्या याच वस्तुस्थितीतून उलटा निष्कर्ष निघतो. ज्या मुलीच्या शरीरात शिल्लक कमी आहे तिच्याकडून रोज दोन तासांचा कठोर सराव करून घेणे हा शिल्लक नसलेल्या खात्यातून पैसे काढण्याचा प्रकार आहे. सरावात खर्च होणारी ऊर्जा वजा केल्यानंतर शरीराच्या नित्य कामांसाठी पुरेशी ऊर्जा उरली नाही, तर पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, जखमा लवकर भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता' या अर्थाचे नाव देऊन तिची लक्षणे मांडली, आणि ती केवळ मुलींत नव्हे तर मुलांतही आढळते असे सांगितले. पाळी थांबली म्हणजे सराव चांगला चालला आहे, असा समज जेथे आहे, तेथे हे ओळखणारा मनुष्य मैदानावर असणे ही चैन कशी?

याहून गंभीर आणि या भूमीशी अधिक जोडलेला प्रश्न सिकलसेलचा आहे. सिकलसेल म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची आनुवंशिक विकृती. तीत तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडल्यावर कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघांकडून ती आली तर आजार होतो, एकाकडूनच आली तर व्यक्ती केवळ वाहक राहते. दक्षिण गुजरात, दादरा-नगर हवेली आणि महाराष्ट्राचा आदिवासी पट्टा यांत ही विकृती आढळते, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांखालील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. वाहक व्यक्ती एरवी निरोगी आयुष्य जगते आणि खेळूही शकते. परंतु कडक उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीराने, विश्रांतीविना जोर लावल्यास तिच्या स्नायूंची नासाडी होऊन जिवावर बेतू शकते, आणि म्हणून अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने २०१० पासून आपल्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंची याबाबतची स्थिती जाणून घेणे आवश्यक केले. अशा खेळाडूला पेटके आले म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक दुष्ट नसतो, त्याला माहिती नसते. तसेच रक्त कमी आहे एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करणेही चुकीचे ठरू शकते, कारण सिकलसेलमुळे येणारा रक्तक्षय आणि लोहाच्या अभावाने येणारा रक्तक्षय यांवरचे उपाय वेगळे आहेत. कोणती तपासणी मागवावी, आहाराने काय साधेल आणि कोठे थांबून रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे, हे कळणे म्हणजेच या व्यवसायाचे खरे शिक्षण होय. आयात केलेल्या तीस तासांच्या अभ्यासक्रमात मॅरेथॉन धावताना दर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत हे सापडेल. दुधनीच्या मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्ड तिचा आहार लिहिण्याआधी पाहावे, हे सापडणार नाही.

आता मंडनाच्या बाजूने ठोसपणे बोलावयाचे तर, सिल्वासाला बाहेरून अधूनमधून येऊन व्याख्यान देणारा तज्ज्ञ पुरणार नाही. याच प्रदेशातून शिकून आलेला, मराठी आणि गुजरातीबरोबर वारली किंवा कोकणा बोली समजणारा आणि शेवळे, खुरसणीचे तेल, नागलीची आंबील यांची आहारातील जागा जाणणारा क्रीडापोषणतज्ज्ञ हवा. मार्ग उपलब्ध आहे. बारावी विज्ञानानंतर पोषण व आहारशास्त्रातील पदवी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात किंवा वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेता येते, आणि ही दोन्ही शहरे सिल्वासाजवळच्या वापी स्थानकातून जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासाठी सिल्वासातच श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे आणि २०१९ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. सिकलसेल, रक्तक्षय आणि कुपोषण यांचे शिक्षण मोठ्या शहरांतल्या महागड्या क्रीडाकेंद्रांपेक्षा येथे अधिक सखोल मिळू शकते. अडचण दोन ठिकाणी आहे. या विषयाची पाठ्यपुस्तके आणि परीक्षा मुख्यतः इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली आदिवासी मुलगी विषयापाशी पोहोचण्याआधी भाषेपाशीच अडते; तिच्यासाठी मराठीत नेमके, सांकेतिक संज्ञा उलगडून सांगणारे ग्रंथ तयार करणे हे मराठी विज्ञानलेखकांचे कर्तव्य आहे. दुसरी अडचण पदाची आहे. सहा-सात वर्षे शिकून नोंदणी मिळवणाऱ्याला परतण्यासाठी नोकरी नसेल, तर ती व्यक्ती मुंबई-सुरतेच्या व्यायामशाळांतच राहील.

म्हणून क्रीडाखाते आणि आरोग्यखाते यांनी मिळून किमान एका नोंदणीकृत क्रीडापोषणतज्ज्ञाचे पद निर्माण करावे, वसतिगृहांतील खेळाडूंच्या जेवणाच्या साप्ताहिक तक्त्यावर त्या व्यक्तीची सही बंधनकारक करावी, हंगामाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूची हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी तिच्या नोंदीत असावी, आणि कोणतेही पूरक उत्पादन देण्यापूर्वी त्याची लेखी कारणमीमांसा तिने करावी. त्याच पदाला शिष्यवृत्तीची जोड देऊन, दरवर्षी आदिवासी पाड्यांतील एका विद्यार्थिनीला पोषणशास्त्राच्या पदवीसाठी पाठवावे आणि शिक्षणानंतर ठरावीक वर्षे सिल्वासातच काम करण्याचे बंधन तिच्याकडून घ्यावे. मधल्या काळात प्रशिक्षकांना साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम अवश्य द्यावा, मात्र त्या कागदाच्या शीर्षकात 'तज्ज्ञ' हा शब्द छापू नये.