लाटण्याचे वक्तृत्व

वक्तृत्व म्हटले म्हणजे व्यासपीठ, श्रोते आणि टाळ्यांचा कडकडाट यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अलंकार म्हटले म्हणजे काव्याचे पुस्तक आठवते. परंतु हे दोन्ही समज अपुरे आहेत. ऐकणाऱ्याचे मन वळविणारा प्रत्येक शब्द वक्तृत्वाचाच भाग होय. आणि असे शब्द व्यासपीठापेक्षा स्वयंपाकघरात, नळावर व बाजारात अधिक बोलले जातात. ते पुष्कळदा स्त्रियांच्या तोंडचे असतात, म्हणूनच की काय, वक्तृत्वात त्यांची गणना फारशी कोणी केली नाही.

मुंबईच्या उपनगरांतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अंधेरी व बोरिवली यांच्या दरम्यान गोरेगाव हे उपनगर वसले आहे. तेथे मृणाल गोरे (१९२८–२०१२) यांनी सामान्य लोकांच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून दीर्घकाळ लढा दिला. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. भाजीवाली, दूधवाली, तशीच पाणीवाली! नुसता शब्दार्थ घेतला, तर पाणी आणून देणारी स्त्री, एवढाच त्याचा बोध होईल. पण लोकांनी तो शब्द कृतज्ञतेने उच्चारला आणि त्या साध्या शब्दाची पदवी झाली. ती कोणा पंडिताने बहाल केली नव्हती.

पुढे १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला व महागाई असह्य झाली. धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळणे कठीण झाले. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया एकत्र आल्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन मुंबईतील हजारो गृहिणी लाटणी हातांत घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर उतरल्या. साहित्यशास्त्रात ‘लक्षणा’ नावाची एक शब्दशक्ती सांगितली आहे. ‘सारा गाव जत्रेला लोटला’ असे म्हटले, तर घरे चालत गेली असे कोणी समजत नाही. गाव म्हणजे तेथील माणसे, हे ऐकणारा जाणतो. त्याचप्रमाणे लाटणे दिसताच पोळी, पोळीबरोबर चूल आणि चुलीपाशी बसलेले भुकेले मूल पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आले. रिकामी थाळी वाजली, तेच भाषण झाले.

ही परंपरा जुनी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जो दोष पुरुषाला माफ, तोच स्त्रीच्या माथी का मारावा, असे त्यांनी रोखठोक विचारले. त्यासाठी त्यांनी जड संस्कृत शब्द शोधले नाहीत; घरात व दारात बोलली जाणारी मराठीच त्यांनी धारदार केली.

तथापि भाषेची ही शक्ती दुधारी आहे. ‘हातांत बांगड्या भरल्या आहेत काय?’ असा टोमणा भित्र्या माणसास मारला जातो. ‘मुलीसारखा काय रडतोस?’ असे मुलाला सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. पण जवळ उभ्या असलेल्या मुलीच्या मनावर ठसते, की बांगडी म्हणजे दुबळेपणा. वस्तुतः १९७२ साली लाटणी उगारणाऱ्या कितीतरी हातांत बांगड्याच होत्या!

कोणी म्हणेल, असे वाक्प्रचार पूर्वापार चालत आले आहेत. त्यांचा अर्थ कोण शोधत बसतो? पण अर्थ शोधला जात नाही, हेच त्यांचे बळ आहे. विचारपूर्वक ऐकलेले वाक्य मनाच्या उंबरठ्यावर थांबते. सवयीने ऐकलेले वाक्य सरळ आत शिरते. म्हणून शब्दांवर बंदी घालून भागणार नाही, ते बोलताना पारखले पाहिजेत. कवितेतील उपमा ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला घरातील टोमण्यात दडलेली उपमाही ओळखता यावी. ती खरी नाही असे दिसले, तर ती तोंडात येऊ न देण्याचा निश्चय त्याने करावा. अलंकारांच्या अभ्यासाचे याहून चांगले फळ कोणते?