‘मंझिल’ची मुंबई

सिनेमात दिसलेल्या जागा हिंडत शहर पाहणे हा रिकामटेकडेपणा आहे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. बासू चटर्जींच्या ‘मंझिल’मधल्या (१९७९) पावसाच्या गाण्याचा माग काढीत मी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदान पायी पालथे घातले.

या चित्रपटात एकच गाणे दोनदा येते. एकदा घरगुती मैफलीत, किशोरकुमारच्या आवाजात. एकदा लताबाईंच्या आवाजात, भर रस्त्यावर, खऱ्याखुऱ्या पावसात. नायक श्रीमंतीचे सोंग घेणारा. मैफलीला आमंत्रण लागते, तिथे सोंग कामी येते. पावसात ते कशाला हवे?

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हॉटेलच्या काचेच्या दारापाशी माझे पाय अजून अडखळतात. समुद्राच्या कठड्यावर मात्र ‘बाई, तू कुणाची?’ असे कुणी विचारीत नाही.

२०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला, तो व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या नावाने. माझ्या मते खरा वारसा त्या इमारतींपुढची मोकळी जागा आहे. मित्रहो, शहर किती मोठे हे त्याच्या मजल्यांवरून नव्हे, तर फुकट बसता येईल अशा कठड्यांवरून मोजावे. ते राखणे आपल्याच हाती आहे.